तीन वर्षांचे शेजारी : वाशिमच्या नव्या वसाहती आणि बदलीचे बिऱ्हाड

बदलीचा आदेश एका माणसाच्या नावाने निघतो. त्यात पदनाम असते, जुने कार्यालय, नवे कार्यालय आणि रुजू होण्याची सूचना असते. बायकोची नोकरी, मुलीची सातवी, आईची औषधे आणि घरमालकाकडे अडकलेली अनामत यांचा उल्लेख त्यात नसतो. तरी स्थलांतर होते ते या सगळ्यांचे. महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात हजारो बिऱ्हाडे अशी हलतात. ती जिथे उतरतात त्या जागेचा अभ्यास मात्र फारसा होत नाही. वाशिम हे त्या अभ्यासासाठी चांगले गाव आहे, कारण त्याचा नवा भाग बराचसा बदलीच्या माणसांमुळेच उभा राहिला.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात ‘बाशिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 च्या फेररचनेत तो मोडला आणि वाशिम अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव झाले. पुढे 93 वर्षांनी, 1 जुलै 1998 रोजी, अकोल्यातून वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके काढून पुन्हा जिल्हा झाला.

जिल्हा होणे ही नकाशावरची रेघ वाटते, पण तिच्यामागून माणसे येतात. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, जिल्हा रुग्णालय, कोषागार, न्यायालये, बँकांच्या शाखा. या प्रत्येक कार्यालयात बाहेरगावाहून आलेला माणूस असतो आणि त्याला राहायला घर लागते. बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थाभोवतीचे जुने गाव वाड्यांचे आणि गल्ल्यांचे. तिथे नव्या बिऱ्हाडांना जागा किती असणार? साहजिकच गाव अकोला, रिसोड, पुसद आणि हिंगोलीच्या रस्त्यांनी बाहेर सरकले. सोयाबीन-तुरीच्या वावरांत ‘लेआऊट’ पडले, प्लॉट विकले गेले, खाली मालक आणि वर भाडेकरू अशी घरे झाली. 2001 मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे 63 हजार होती, 2011 मध्ये ती 78 हजारांवर गेली. जिल्हा मात्र आजही खेड्यांचाच. 2011 च्या जनगणनेत येथील सुमारे 12 लाखांपैकी शहरी लोक 18 टक्क्यांच्या आत होते, तर राज्याचे हेच प्रमाण 45 टक्के होते.

कायद्यातली तीन वर्षे

बदल्यांना नियम आहे. महाराष्ट्राचा बदल्यांचे विनियमन करणारा 2005 चा अधिनियम 1 जुलै 2006 पासून लागू झाला. त्यानुसार अ, ब आणि क गटांतील कर्मचाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा. मंत्रालयाबाहेरच्या क गटातील कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन कार्यकाल मिळू शकतात. बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असेही कायदा सांगतो. या महिन्यांमागे व्यवहार आहे. शाळेचे वर्ष संपलेले असते आणि जूनपूर्वी घर लावता येते. मधेच, ऑक्टोबरात किंवा जानेवारीत बदली झाली की घर दोन ठिकाणी फाटते. कमावता माणूस पुढे जातो आणि बाकीचे परीक्षेपर्यंत मागे राहतात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने वेगळी रचना आली. शाळांची अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रांत विभागणी झाली आणि बदल्या संगणकावर गेल्या. पती-पत्नी 30 किलोमीटरपेक्षा दूर नोकरी करत असतील तर त्यांना एकत्र आणण्यासाठी स्वतंत्र संवर्ग ठेवला गेला. बदली कुटुंबाची होते, हे सरकारने कागदावर मान्य केल्याचे हे एक ठळक उदाहरण.

राहायचे की अप-डाउन करायचे?

वाशिमला बदली झालेल्या माणसापुढचा पहिला प्रश्न घर कुठे घ्यावे हा नसतो. घर हलवावे की नाही, हा असतो. अकोला सुमारे 80 किलोमीटरवर. तिथे महाविद्यालये, शिकवण्या, मोठे दवाखाने आहेत. पूर्णा–अकोला लोहमार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो वाशिम शहराला न शिवता जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या भागांतून जातो आणि नागपूरही जवळ आल्यासारखे वाटते. शिवाय 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी बॅग उचलून गाव सोडणे सोपे झाले. सोय वाढली तसे गावात घर करण्याचे कारण कमी झाले.

पण हिशेब मांडून पाहावा. अकोल्याहून रोज जाण्यायेण्यात साडेतीन तास धरले आणि कामाचे दिवस वर्षाला सव्वादोनशे धरले, तर सुमारे 787 तास होतात. म्हणजे वर्षाला जवळजवळ 33 अहोरात्र, आणि तीन वर्षांच्या कार्यकालात शंभराच्या आसपास. भाड्यात वाचलेल्या पैशांसमोर हे शंभर दिवस ठेवले म्हणजे निर्णय अधिक प्रामाणिकपणे घेता येतो. घरभाडे भत्त्याची रचनाही लहान गावाला अनुकूल नाही. सातव्या वेतन आयोगाने शहरांचे तीन वर्ग करून मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्क्यांपासून दर सुरू केले. वाशिम सर्वात खालच्या वर्गात येते.

गावाचा हिशेब वेगळा आहे. मुख्यालयी राहण्याची अट शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांना आहे आणि तिच्यावरून ग्रामसभांत वर्षानुवर्षे वाद होतात. कर्मचारी म्हणतो, तिथे राहण्याजोगे घर नाही. गाव म्हणते, तुम्ही राहत नाही म्हणून कोणी घर बांधत नाही. दोघांचेही खरे आहे. वाशिम 2018 मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले. अशा जिल्ह्यात रात्री दोनला उठवता येणारा डॉक्टर गावात राहतो की 80 किलोमीटरवर, याने फार मोठा फरक पडतो.

वावरातले घर घेताना

जे राहायचे ठरवतात त्यांनी नव्या वसाहतीचे स्वरूप समजून घ्यावे. या घरांखालची जमीन बहुतेक काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतींना तिरके तडे जातात. म्हणून घर पाहायला मे महिन्यात गेलात तरी रस्त्याचे जुलैतले रूप शेजाऱ्याला विचारावे. रस्ता कच्चा का, याचे उत्तर अनेकदा कागदात सापडते. लेआऊटमधले रस्ते आणि नाल्या विकासकाने करून नगरपरिषदेकडे हस्तांतरित करायच्या असतात. ते झाले नसेल तर डांबर, दिवे आणि घंटागाडी सगळेच रेंगाळते. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाखाली तो नियमित झाला आहे का, हे विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वाशिम पठारावर, पाणलोटाच्या माथ्यावर वसले आहे. या भागातली काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेकडे जाते, तर पैनगंगेचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात. माथ्यावर पाणी ठरत नाही. शहराला एकबुर्जी प्रकल्पातून पाणी मिळते. जिथे नळ पोचलेला नाही तिथे भिस्त बोअरवर असते. बोअर मार्चनंतर चालतो का आणि टँकरचे पैसे कोण देतो, हे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे.

तिसरा प्रश्न कराराचा. ‘साहेब आहेत, कागद कशाला’ असे घरमालक आदराने म्हणतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. करारात मुदतीपूर्वी बदली झाल्यास किती दिवसांच्या सूचनेने घर सोडता येईल आणि अनामत केव्हा परत मिळेल, ही ओळ असलीच पाहिजे.

मुलांच्या शाळेबाबत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 लक्षात ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा पहिली ते आठवीच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही.

वस्ती केव्हा होते?

घर लागले तरी शेजार लागायला वेळ जातो. कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबाला इथे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात हे भाद्रपदात कळते. भुलाबाईची गाणी प्रथमच कानावर पडतात. वऱ्हाडीतला ‘जाऊन रायलो’ महिनाभरात कानाला सवयीचा होतो. ही ओळख बहुधा घरातल्या बाईमार्फत होते. हळदीकुंकू, भिशी, शाळेच्या फाटकाशी उभे राहून झालेल्या गप्पा यांतून डॉक्टर, दूधवाला आणि विश्वासाचा गवंडी सापडतो. नोकरी करणाऱ्याला कार्यालय आयते मिळते, बाईला गाव शून्यातून उभे करावे लागते. तिची स्वतःची नोकरी मागे सुटली असेल तर हे ओझे आणखी जड होते, आणि त्याची नोंद कुठल्याही भत्त्यात नसते.

अशा वसाहतीची खरी अडचण अशी की सारेच जाणारे असतात. तीन वर्षांसाठी कोण झाड लावणार? बऱ्याच भाडेकऱ्यांची मतदार यादीतली नावे जुन्या गावीच असतात, त्यामुळे नगरसेवकालाही त्यांची गरज नसते. उपाय अवघड नाही. निवास बदलल्यावर नमुना 8 भरून नाव नव्या पत्त्यावर नेता येते, आणि स्वतःचे घर नसले तरी सर्वसाधारण रहिवासी म्हणून तो हक्क आहे. ज्या लेआऊटमध्ये मंजूर नकाशावर खुली जागा आहे, तिथे ती शोधून काढावी. ती कचऱ्याखाली गेली असेल तर नकाशाची प्रत घेऊन चार घरांच्या सहीने अर्ज द्यावा. अर्ज देणारे तीन वर्षांनी जातील, पण आवक क्रमांक राहतो, आणि पुढचे बिऱ्हाड त्याच क्रमांकावर स्मरणपत्र देऊ शकते.

म्हणून जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी एक वही ठेवावी. बोअर कधी आटतो, कुठल्या डॉक्टरकडे रात्री दार उघडते, अनामत कशी परत मिळाली, अर्ज कुठवर पोचला, एवढे तिच्यात लिहावे. कार्यालयात पदभार देताना यादी करतातच. घराचा पदभारही तसाच यादी करून द्यावा, म्हणजे नव्या माणसाची पहिली सहा महिन्यांची धडपड वाचेल आणि वसाहतीचे काम दर तीन वर्षांनी पहिल्यापासून सुरू करावे लागणार नाही.