पर्शियन साम्राज्याचं मेस रजिस्टर

मागच्या पीएलमध्ये अभ्यास सोडून आम्ही दहा-बारा जणांनी रूमवर '३००' हा २००६ चा पिक्चर पाहिला. त्यातले पर्शियन म्हणजे नुसते राक्षस. संपल्यावर माझा पार्टनर म्हणाला, "अरे, असल्या लोकांनी एवढं मोठं राज्य सांभाळलं कसं?" उत्तर शोधायला लायब्ररीत गेलो आणि माझी पीएल तिथेच संपली.

आधी पसारा बघा. सायरसने इ.स.पू. ५५० मध्ये मीडियाचा राजा हरवला, ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं. त्याच्या मुलाने ५२५ मध्ये इजिप्त जिंकलं. दारियसच्या काळात (५२२ ते ४८६) हद्द एकीकडे युरोपातल्या थ्रेसला आणि दुसरीकडे सिंधूला भिडली.

जिंकणं एकवेळ जमतं, पण एवढ्या लांब हुकूम पोचवायचा कसा? त्यासाठी रस्ता होता. आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसपासून इराणातल्या सूसापर्यंत १११ मुक्काम आणि पायी ९० दिवस, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. राजाचं टपाल मात्र थांबायचं नाही. टप्प्याटप्प्यावर ताजा घोडा आणि ताजा स्वार तयार असायचा.

आणि या मुक्कामांवर जेवणाचं काय? इथे खरी गंमत आहे. १९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. दारियसच्याच काळातल्या. मला वाटलं, लढायांची वर्णनं असतील. छे! कोणाला किती धान्य, किती बिअर, किती वाइन दिली याचा हिशोब. थेट आपलं मेस रजिस्टर! प्रवाशाने शिक्कामोर्तब केलेलं पत्र दाखवायचं, मग मुक्कामावर पीठ मिळायचं. 'हिंदुश'हून, म्हणजे सिंधच्या प्रांतातून, सूसाला निघालेल्यांच्याही नोंदी त्यात आहेत.

सगळं गोड नव्हतं. साध्या मजुराला महिन्याला साधारण ३० लिटर जव, तर पर्नाक्का नावाच्या बड्या अधिकाऱ्याला रोज २ मेंढ्या, वर पीठ आणि वाइन वेगळी. बाळंतिणीला जादा शिधा मिळे, पण मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. तेव्हापासूनच!

इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरने पर्सेपोलिस जाळलं. पुढे जगाने पर्शियनांची गोष्ट ऐकली ती मुख्यतः ग्रीकांच्या तोंडून, म्हणजे शत्रूकडून. पिक्चरही त्याच बाजूचा. पर्शियनांच्या बाजूने बोलायला उरले ते हे हिशोबनीस. बहुतेक पाट्या एलामी भाषेत आहेत, पण एक चक्क ग्रीकमध्ये आहे. विषय? वाइनचा हिशोब.

पार्टनरला हे सांगितलं, तर म्हणतो, "मग यावर पिक्चर का नाही काढत कोणी?"