मस्जिदीचा जुना ॲम्प्लिफायर घूं करतोय? मोडीत काढण्याआधी पॉवर सप्लाय बघा

रमजान जवळ आला की मस्जिदीच्या ॲम्प्लिफायरकडे लक्ष जातं. अजानच्या मागे घूं असा आवाज, तरावीहमध्ये इमामसाहेबांची किरअत नीट ऐकू येत नाही, आणि लगेच नव्या मशीनसाठी चंद्याची गोष्ट निघते. पंधरा-वीस वर्षं जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा दोष फक्त पॉवर सप्लायच्या कंडेन्सरचा असतो. तो बदलला की चंद्याचे पैसे वाचतात.

आधी व्हॉल्यूमची सगळी बटणं शून्यावर आणा. घूं कमी झाली तर माइक आणि त्याची वायर तपासा. तशीच राहिली तर सप्लायवर संशय घ्या. मागे बॅटरीची जोडणी असेल तर बॅटरीवर चालवून बघा. आवाज साफ आला तर संशय पक्का.

आपली लाइट ५० हर्ट्झची. ब्रिजचे चार डायोड तिचं डीसी करतात, पण ते सेकंदाला १०० वेळा खाली-वर होतं. हा चढउतार भरून काढतो तो मोठा गोल कंडेन्सर. ४७०० मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर असेल तर २ अँपिअर लोडवर चढउतार जास्तीत जास्त ४ व्होल्टच्या आसपास राहतो. आतलं रसायन सुकून क्षमता पाव उरली की तो कितीतरी वाढतो, आणि स्पीकरमधून ऐकू येतो.

मशीन उघडण्याआधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना अर्धा मिनिट लावून ठेवा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची सवय काही मेकॅनिकना असते. ती वाईटच.

डोकं फुगलेलं, पायाशी ओल किंवा गंज दिसला तर तो कंडेन्सर गेला. पण वरून चांगला दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो, म्हणून क्षमता मोजून घ्या. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नको. ३५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर डीसी ४९ च्या घरात जातं. लाइट २५० ला चढली तर ५३ सुद्धा. तिथे ५० व्होल्टचा कंडेन्सर टिकणार नाही, ६३ चाच पाहिजे. १०५ डिग्री छापलेला घ्या. पट्टी असलेली बाजू मायनस. उलटा बसला तर फुटतो.

ब्रिजचे डायोडही मीटरवर बघा: एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडून शून्य आलं तर डायोड शॉर्ट, आणि फ्यूज वारंवार उडण्याचं कारण बहुधा तेच. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली मशिनं मी पाहिली आहेत. पुढचा शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मरच जळतो, तोही चटया आणि पडदे असलेल्या जागेत. तार काढा, छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज टाका.

काम झाल्यावर पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून चालू करा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर लगेच बंद करा, शॉर्ट अजून आतच आहे.