गिरगाव-धोबीतलावाचे बदलते दिवस

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि राजवंश उभे राहतात. परंतु विद्यार्थिमित्रांनो, ज्या रस्त्यावर माणसे चहा पितात, कापड घेतात आणि खेळ पाहण्यासाठी रांगेत उभी राहतात, त्या रस्त्यालाही उदय आणि अस्त असतात. ते कोणत्या कारणांनी घडतात, हे समजून घेणे उद्बोधक आहे. या लेखासाठी मी मुंबईच्या गिरगाव-धोबीतलावाचा भाग निवडला आहे. परका मुलूख म्हणून तुम्ही त्याकडे पाहू नये. पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरलेला कोणी आप्त नाही, असे घर आपल्या गोमंतकात विरळाच सापडेल. धोबीतलावावरील जेर महालासारख्या इमारतींत गावोगावचे 'कूड' होते. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत आपले खलाशी व आचारी तेथे मुक्काम करीत. आपला तियात्र हा नाट्यप्रकारसुद्धा १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच प्रथम रंगभूमीवर आला.

माझे मामा गिरगावातील एका चाळीत राहत असत. मी दहा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुटीत त्यांच्याकडे गेलो होतो. एके दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हां मुलांना 'मेट्रो'त चित्रपटास नेले. चित्रपटाची कथा आज मला फारशी आठवत नाही. आठवते ती ठाकुरद्वारापासूनची पायी वाट, दुकानांतून लोंबणारी कापडे, समोरच्या 'कयानी'तील संगमरवरी टेबल, आणि बशीत ओतलेल्या चहात बुडवून खाल्लेला ब्रून मस्का. "सिनेमा हे निमित्त रे, खरी मौज ती त्याच्या अलीकडची नि पलीकडची," असे मामा म्हणाले होते. त्यांच्या या एका वाक्यात पेठेच्या अर्थशास्त्राचे मर्म आहे, हे मला फार पुढे उमगले.

प्रथम या वैभवाचा आरंभ पाहू. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखविली गेली. तिकीट होते एक रुपया, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. तंबूंत आणि नाट्यगृहांत खेळ होऊ लागले, तेव्हा कोठे ही करमणूक त्याच्यापर्यंत पोहोचली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगाव भागातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' गिरगावच्याच 'मॅजेस्टिक'मध्ये झळकला. त्या दिवसांत चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांस विकले गेल्याचे सांगतात. मूकपटांच्या काळी पडद्यासमोर बसून वाद्ये वाजविणाऱ्यांत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक असत. बोलपट आल्यावर ते काम संपले. पण चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात त्यांच्या विद्येची गरज निर्माण झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे याच परंपरेतील एक नामवंत व्हायोलिनवादक. एक दार बंद झाले असता जवळच दुसरे उघडणे, हा प्रकार या कथेत पुढेही आपल्याला आढळेल.

१९३३ साली कुलाब्यास 'रीगल', १९३८ साली चर्चगेटला 'इरॉस' आणि धोबीतलावावर 'मेट्रो', १९४९ साली मरीन लाइन्सला 'लिबर्टी' अशी एकापेक्षा एक देखणी चित्रपटगृहे उभी राहिली. त्यांच्या आसपास चौकांच्या कोपऱ्यांवर इराणी उपाहारगृहे होती. कयानी तर १९०४ पासूनची, म्हणजे मेट्रोहून चौतीस वर्षांनी वडील. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे परंपरेने सांगितले जाते. कोपऱ्यामुळे दोन्ही रस्त्यांवरचे गिऱ्हाईक येई, हा लाभ निराळाच.

आता या तिघांचे, म्हणजे चित्रपटगृह, दुकान व उपाहारगृह यांचे, नाते कसे असते ते पाहू. समजा, एका चित्रपटगृहात हजार आसने आहेत आणि दिवसाला चार खेळ होतात. सर्व खेळ भरले, तर ठरलेल्या वेळी चार हजार माणसे त्या रस्त्यावर येतात आणि जातात. कोणी खेळाआधी अर्धा तास येतो, तो चहा पितो. कोणी सहकुटुंब येतो, तो जाताना मुलांस खेळणे घेतो. कोणास तिकीट मिळत नाही. आलोच आहोत तर, म्हणून तो शर्टाचे कापड पाहतो. पानवाला, फुलवाली, फेरीवाला, टॅक्सीवाला या सर्वांचा दिवस खेळाच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. याचाच उलट भाग असा की, चांगले खाणे आणि बाजार जवळ असल्यामुळेच लोक त्या चित्रपटगृहाची निवड करतात. आपल्याकडे 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी म्हण आहे. येथे मात्र गाडा कोण आणि नळा कोण, हे सांगणे कठीण होते.

हे नाते किती दूरवर जाते, याचे एक उदाहरण आपणां मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. गिरगावच्या त्या मॅजेस्टिक चित्रपटगृहाच्या सान्निध्यात कोठावळे कुटुंबाने पुस्तकांचे लहानसे दुकान थाटले आणि त्यास शेजाऱ्याचेच नाव दिले. त्यातूनच पुढे मराठीतील एक मातब्बर प्रकाशनसंस्था निर्माण झाली. आज ते चित्रपटगृह राहिलेले नाही. त्याच्या जागी दुकानांचे संकुल आहे. पण 'मॅजेस्टिक' हे नाव पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जिवंत आहे.

अशी भरभराटलेली पेठ उतरणीस का लागली? पुष्कळजण एकट्या दूरदर्शनास दोष देतात. वस्तुतः कारणे अनेक आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण म्हणजे माणसे दूर गेली. घरे अपुरी पडू लागली तशी चाळींतील कुटुंबे बोरिवली, ठाणे, डोंबिवलीकडे सरकली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कापडगिरण्यांचा कणाच मोडला आणि परळ-लालबागच्या कामगार वस्तीची क्रयशक्ती गेली. जनगणनेचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती सुमारे ३० लाख ८५ हजारांवर आली. याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा मात्र ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला. दिवसभर कचेरीत राबून संध्याकाळी गाडी पकडणारा माणूस रात्री नऊच्या खेळास थांबत नाही. तो आपली करमणूक घराजवळ शोधतो.

दुसरे कारण असे की, करमणूकच घरात आली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, आणि आता तर चित्रपट हातातल्या फोनवर येऊन बसला आहे.

तिसरे कारण व्यवसायाच्या रचनेत आहे. १९९७ साली दिल्लीतील साकेत येथे देशातील पहिले बहुपडदा चित्रपटगृह सुरू झाले. हजार आसनांच्या एका दालनात दोनशे प्रेक्षक आले, तरी दिवे, वातानुकूलन आणि नोकरवर्ग यांचा खर्च विशेष कमी होत नाही. त्याऐवजी दोन-अडीचशे आसनांची चार दालने असली, तर चार निरनिराळे चित्रपट लावता येतात. एक पडला तर दुसरा सावरून घेतो. शिवाय राज्य सरकारांनी अशा नव्या संकुलांस आरंभीची काही वर्षे करमणूक करात सवलत दिली. आणखी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. नव्या संकुलात दुकाने आणि खाद्यगृहे एकाच छपराखाली असतात. म्हणजे जुन्या रस्त्यावर जो व्यवहार शंभर लहान माणसांत वाटला जात असे, तो आता चार भिंतींच्या आत राहतो.

चौथे कारण भाड्याचे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीस गोठविली. त्यामुळे इराण्यास स्वस्त चहा देणे व खानावळवाल्यास स्वस्त जेवण वाढणे परवडले, हे खरे. पण भाडे इतके अल्प की मालकास इमारत दुरुस्त करण्यात स्वारस्य उरेना. वाडा जीर्ण झाला, तो पाडून नवी इमारत बांधण्याची वेळ आली, की नव्या दराने जागा घेणे त्या लहान व्यावसायिकास अशक्य होई. ज्या कायद्याने त्याला तारले, त्याच्याच छायेत त्याचे छप्पर कुजले. त्यात पुढची पिढी शिकून निराळ्या व्यवसायांत गेली. पहाटे चारला भट्टी पेटविण्यास कोणी मागे उरला नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या 'मिनर्व्हा'त १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षांहून अधिक चालला, ते चित्रपटगृह पाडले गेले. कयानीजवळचे 'बास्तानी' बंद झाले. खोताच्या वाडीतील 'अनंताश्रम' या खानावळीत माशांच्या जेवणासाठी लोक दुरून येत असत. तीही बंद झाली.

तथापि ही कथा केवळ अस्ताची नाही. मेट्रोने २००६ च्या सुमारास आपले मोठे दालन विभागून बहुपडद्याचे रूप घेतले आणि बाहेरची शोभा राखली. इरॉस काही वर्षे बंद राहून २०२४ साली नव्या भव्य पडद्यासह पुन्हा उघडले. मुंबई सेंट्रलच्या 'मराठा मंदिर'ने १९९५ च्या ऑक्टोबरात आलेला एकच चित्रपट अल्प दरात वर्षानुवर्षे दाखवून आपला प्रेक्षक राखला. लालबागच्या 'भारतमाता'ने मराठी चित्रपटास आसरा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो रेल्वे गिरगाव, काळबादेवीपासून कफ परेडपर्यंत धावू लागली. तिच्या स्थानकांसाठी काही जुन्या चाळी पाडाव्या लागल्या. परंतु दूर गेलेल्या माणसांना पुन्हा या पेठेत आणण्याचे सामर्थ्यही तिच्यातच आहे. जगले ते कोण, असे विचाराल तर ज्यांनी आपला विशेष टिकविला आणि व्यवहाराची पद्धत बदलली, ते. नुसती जुनी पद्धत धरून बसलेले गेले, आणि विशेष टाकून नुसते नवे झालेले चार नव्यांत हरवले.

माझे मामाही पुढे डोंबिवलीस राहावयास गेले. मध्यंतरी आम्ही दोघे पुन्हा धोबीतलावावर गेलो. कयानीत बसून चहा घेतला. समोरच्या चित्रपटगृहाचे तिकीटदर पाहून मामा म्हणाले, "तेव्हा आम्ही चौघे जात होतो, आता एकट्याचाही विचार करावा लागतो." मला वाटते, खरी हानी येथे आहे. जुन्या चित्रपटगृहात पुढच्या बाकांपासून बाल्कनीपर्यंत निरनिराळे दर होते; हमाल व वकील एकाच छपराखाली, एकाच विनोदास हसत. बसण्याच्या जागा वेगळ्या, पण हसणे एकत्र. तीच गोष्ट इराण्याच्या टेबलाची. एका चहावर तासभर बसणाऱ्यास कोणी उठवीत नसे. इमारती पुन्हा बांधता येतात; गरिबाला परवडणारी आणि अनोळखी माणसाशेजारी बसविणारी जागा पुन्हा निर्माण करणे कठीण असते.

आता आपल्या पणजीकडे वळू. सिने नॅशनलचा पडदा मिटला आहे. २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले. परंतु 'भोसले' आणि 'ताटो' या जुन्या कॅफेंची पाव-भाजी आजही घरोघरी ठाऊक आहे. मडगाव, म्हापसा, वास्को येथेही अशीच कथा तुम्हांस सापडेल.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या सुटीत एक काम करा. आजी-आजोबांजवळ बसून विचारा : तुमच्या वेळी बाजारात कोणते चित्रपटगृह होते, तिकीट किती होते, खेळ सुटल्यावर तुम्ही कोठे खात होता, आणि ते दुकान का बंद झाले? उत्तरे वहीत लिहून ठेवा. आणि जे जुने दुकान वा कॅफे अजून उघडे आहे, तेथे कधी वडीलधाऱ्यांबरोबर जा. पेठ आठवणींवर जगत नाही. ती गिऱ्हाइकांवर जगते.