अटींनी घडवलेले लाकडी चर्च

स्लोव्हाकियात बान्स्का बिस्त्रित्सा शहराजवळ ह्रोनसेक हे छोटेसे गाव आहे. तेथील ल्युथरन पंथीयांचे लाकडी चर्च १७२५-२६ मध्ये बांधले गेले. २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालेल्या कार्पेथियन पर्वतराजीतील आठ लाकडी चर्चपैकी ते एक आहे. मात्र या वास्तूचे रूप हौसेतून नव्हे, तर राजकीय बंधनांतून साकारले आहे.

सतराव्या शतकात हा प्रदेश हंगेरीच्या राज्याचा भाग होता आणि त्यावर कॅथलिक हाब्सबर्ग घराण्याची सत्ता होती. प्रॉटेस्टंटांची अनेक प्रार्थनास्थळे काढून घेण्यात आली होती. असंतोष वाढल्यावर सम्राट लिओपोल्ड पहिला याला नमते घ्यावे लागले. १६८१ मध्ये शोप्रोन येथील संसदेने ठराविक जिल्ह्यांत प्रत्येकी दोन ठिकाणी चर्च उभारण्याची मुभा दिली. संसदेच्या कलमांमुळे उभी राहिली, म्हणून ही चर्च 'आर्टिक्युलर' या नावाने ओळखली जातात.

परवानगीसोबत अटीही आल्या. चर्च वस्तीच्या कडेला असावे, केवळ लाकडाचे असावे, त्याला मनोरा नसावा, लोखंडी खिळे वापरू नयेत आणि काम वर्षभरात संपवावे, अशा त्या अटी सांगितल्या जातात. दगडी वास्तूचा टिकाऊपणा आणि मनोऱ्याचा दिमाख या समाजाला मिळू नये, हा त्यांमागील हेतू उघड होता.

सुतारांनी या मर्यादांतूनच मार्ग काढला. ह्रोनसेकला ओकच्या लाकडाचा भक्कम सांगाडा उभारून त्याचे सांधे लाकडी खुंट्यांनी जोडण्यात आले. चर्चचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा असून आत पायऱ्यांप्रमाणे चढत जाणारी बाके व सज्जे आहेत. त्यामुळे सुमारे अकराशे भाविक एकाच वेळी बसू शकतात. घंटेसाठी शेजारी स्वतंत्र लाकडी घंटाघर आहे.

१७८१ मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याने सहिष्णुतेचा जाहीरनामा काढला आणि बंधने सैल झाली. पुढे अनेक गावांत दगडविटांची चर्च उभी राहिली, तशी जुनी लाकडी चर्च नाहीशी होत गेली. अशा ३८ चर्चपैकी आज जेमतेम पाच शिल्लक आहेत. त्यांपैकी ह्रोनसेक, लेश्तिनी आणि केझमारोक येथील तीन वारसा यादीत आहेत.

आग, ओल आणि कीड ही लाकडाची जुनी दुखणी असल्याने या वास्तूंची निगा अखंड राखावी लागते. अल्पायुषी ठरावे म्हणून ज्यांच्यावर लाकडाची सक्ती झाली, त्यांतील ह्रोनसेकचे चर्च तीनशे वर्षांनंतरही उभे आहे.