बघालेत सगळी

सकाळचे साडेनऊ. बाजारचा दिवस. गडहिंग्लजची एसटी नेसरीच्या स्टँडात वळते. दारातून आधी पिशव्या उतरतात, मग माणसं. मिरचीचं पोतं फरशीवर आपटतं आणि शेजारच्या चौघांना एकदम ठसका लागतो. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणं वाजवत जातो. ते गाणं वळणापलीकडे गेलं तरी ऐकू येत राहतं.

दिवस निवडणुकीचे आहेत. पण भिंती कोऱ्या आहेत. आचारसंहिता लागल्यावर फलक उतरले. खांबांना नुसत्या बांधलेल्या तारा राहिल्यात. गावात कुणाचं वारं आहे, हे खांबांकडे बघून कळत नाही.

मी चहाच्या गाड्याशी थांबतो. बाकड्यावर सहा माणसं, सहा फोन. त्यातला एक तिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कार्यकर्ता. त्यानं पहाटेच व्हॉट्सअॅपवर स्टेटस ठेवलाय. नेत्याचा फोटो, मागं हलगी. आता तो डोळ्याच्या खुणेवर अंगठा टेकवतो. आकडा येतो, 214. नावं वर सरकू लागतात. स्टेटस त्यानं ठेवलाय खरा, पण वाचतोय तो ही यादी. अंगठा एका नावावर थांबतो.

“आप्पानं बघितलाय.”

“किती वाजता?”

“सहा सतराला.”

“मग?”

“मग काय. काय बोलला न्हाई.”

चहावाला गाळणी झटकतो. “बघालेत सगळी, खरं बोलंना कोण.”

इकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगाव जवळ आल्याची ही खूण. बाजारात पुढं गेलं की कानडीही कानावर पडते.

कोण कुणाच्यात आहे, हे पूर्वीही गावाला कळायचंच. कुणाच्या संस्थेत दूध घालतो, सोसायटीला कुठल्या पॅनेलबरोबर फिरला, लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर छापलं. हे वाचायला वर्ष लागायचं. आता सहा सतराचं साडेनऊला वाचून होतं. भावकी तीच, गट तेच. ‘निळी टिक’ बंद ठेवली की स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीतही नाव येत नाही. काही जण तसं करतात. मग त्याचाही अर्थ निघतो. “टिक बंद केलीया म्हंजे तिकडं गेला.”

ऊन चढतं. शेंगा, रताळी, काजूगर. तागडी घेऊन बसलेली बाई गिऱ्हाईक नसलं की फोन गुडघ्यावर ठेवून ऐकते. दोन दुकानं सोडून सेवा केंद्र आहे. दाराबाहेर बायकांची रांग. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. आतून आवाज येतो, “सर्व्हर न्हाई.” रांग जागेवर बसते.

वेळ जायला मेसेज निघतो. योजनेचे पैसे बंद होणार, आज शेवटची तारीख. त्यावर दोन बाण आहेत.

“खरं हाय हे?”

“माझ्या भावानं टाकलंय. खोटं कशाला असंल?”

“आणि त्याला कुणी?”

“त्याच्या मेव्हण्यानं.”

त्या दोन बाणांचा अर्थ रांगेत कुणी विचारत नाही. मेसेज बराच फिरून आलाय, एवढंच ते सांगतात. असे मेसेज पुढं पाठवण्यावर आता बंधनं आहेत. त्या बंधनांना एक काळी तारीख आहे, 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. फोनवरून फिरलेली अफवा होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढं पाठवायची मर्यादा जाहीर केली. 2020 च्या एप्रिलपासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकालाच जातो. तो आता सावकाश येतो. पण भावाकडून येतो, आणि भावाला कोण तपासतं?

रांगेतली एक ताई बचत गटाची आहे. तिच्या फोनात मागच्या मतदानाचा फोटो आहे. पाच बोटं एकत्र, पाच नखांवर शाई. केंद्रात फोन नेता येत नाही, म्हणून रस्त्यावर येऊन काढलेला. “सकाळी आठला टाकला. दुपारपतोर सगळ्या जणी जाऊन आल्या.” अमेरिकेत 2010 च्या निवडणुकीत फेसबुकनं 6 कोटींहून जास्त लोकांवर असाच प्रयोग केला होता. नुसतं ‘मतदान करा’ म्हटल्यानं फरक पडला नाही. मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले तेव्हा पडला. सगळं धरून सुमारे 3 लाख 40 हजार मतं वाढली, असा अभ्यासकांचा अंदाज. मी तिला हे सांगतो. ती म्हणते, “त्यात काय, शेजारीण गेली की आपुन जातोयच.”

मोबाइलच्या दुकानात पंखा गरम वारा फेकतोय. मालक गावच्या ग्रुपचा अॅडमिन. ग्रुपात पूर्वी 256 माणसं मावायची, 2022 मध्ये 512 झाली, मग 1024. आसपासच्या कितीतरी वाड्यांत एवढे मतदार नाहीत. सध्या ग्रुप ‘फक्त अॅडमिन’वर आहे. मयत, हरवलेलं रेडकू आणि पाणी सुटायची वेळ, एवढंच.

“2023 चा जून आठवतोय न्हवं?” तो म्हणतो. कोल्हापुरात स्टेटसवरून दगड पडले होते, जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं होतं. “तवापास्नं कुलूप.” विधानसभेला मतदान संपायच्या 48 तास आधी भोंगे बंद होतात. फोन बंद होत नाहीत. त्या दोन रात्री तो झोपत नाही म्हणतो.

गावाबाहेर खिंडीत शिवाजी महाराजांचे सरनौबत प्रतापराव गुजर यांचं स्मारक आहे. 24 फेब्रुवारी 1674. सात घोडी शत्रूवर निघाली ती राजाच्या एका खरमरीत पत्रानं, असं सांगतात. एक निरोप, एकच माणूस वाचणारा. आज तिथं तीन पोरं सेल्फी घेतायत. “स्टेटसला लावू नगो,” एक म्हणतो, “काल त्येंच्या प्रचाराचा नारळ हितंच फुटलाय.”

दुपारी परत स्टँडवर. गाडी यायला वेळ आहे. पत्र्याखाली पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, साठी उलटलेले एक आप्पा. सकाळचेच की दुसरे, मी विचारत नाही.

“पावणं, मी बघितल्यालं दुसऱ्याला दिसतंय म्हणं. बंद कसं करायचं, बघा की.”

मी सेटिंग उघडून देतो. सांगतो, हे बंद केलं की तुमचा स्टेटस कुणी बघितला, ते तुम्हालाही दिसणार नाही.

“अजाबात न्हाई?”

“अजाबात.”

आप्पा फोन हातात धरून बसतात. चंदगडची गाडी लागते. ते उठतात, फोन खिशात घालतात.

“ऱ्हाऊ द्या मग.”