कष्ट तिचे, कागद दुसऱ्याच्या नावावर

मुंबई, प्रतिनिधी - पोळीभाजीचे डबे, पापड, शिवणकाम, भाजीची पाटी. असंख्य स्त्रियांचे हे उद्योग घरात किंवा पदपथावर चालतात आणि त्यांची नोंद बहुधा कोठेच होत नाही. स्त्रियांना व्यवहार कळत नाही, असे कारण त्यासाठी सर्रास पुढे केले जाते. प्रत्यक्षात अनेकदा आडवे येतात ते संस्थांचे नियम.

गिरणगावातील खानावळी हे त्याचे बोलके उदाहरण. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना या स्त्रिया आपल्या खोलीतच जेवू घालीत. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत. किराणा मात्र रोज लागे. मधली तूट सावकार चढ्या व्याजाने भरून काढी. बँकेला तारण हवे असे आणि ते या स्त्रियांकडे नसे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गटातील स्त्रियांनी एकमेकींची हमी घ्यायची, या तत्त्वावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. स्वयंपाक तोच, गिऱ्हाईकही तेच. बदलली ती कर्जाची अट.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथेही असेच घडले. चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. महिला लिहा-वाचायला शिकल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याचीही त्यांनी तयारी दर्शविली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. धंदा सोडून बँकेत येणे परवडत नाही, हे ओळखून बँकेचे प्रतिनिधी बाजारात जाऊ लागले.

कायद्यानेही काही दारे उघडली आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के आणि त्यांत एकतृतीयांश महिला असणे बंधनकारक आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये दिला.

तरीही माहेर तुटू नये म्हणून अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. कायद्याने दिलेले तारण त्या सहीने हातचे जाते आणि उद्योग वाढविण्याची वेळ येते तेव्हा कर्जाच्या अर्जातील मालमत्तेचा रकाना कोराच राहतो.