डोक्यात किडा वळवळतो तेव्हा!

माणसाच्या मेंदूत किडा शिरू शकतो, हे खरं. तो काढता येतो, मारता येतो आणि मुळात शिरूच द्यायचा नाही असंही करता येतं, हे त्याहून खरं! इथवर येण्यात सर्जनची सुरी, एक छोटीशी गोळी आणि त्या गोळीची परीक्षा घेणारे प्रयोगशाळेतले उंदीर या तिघांचाही वाटा आहे. त्यांच्याच या काही भन्नाट गोष्टी.

अजगराचा जंत, बाईंच्या मेंदूत

जून 2022, ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. 64 वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूचं ऑपरेशन चालू होतं. न्यूरोसर्जन हरी प्रिया बंदी यांच्या चिमट्यात आला आठ सेंटिमीटर लांबीचा, लालसर आणि चक्क वळवळणारा जंत! ऑफिडॅस्कॅरिस रॉबर्ट्सी हा जंत एरवी राहतो अजगराच्या पोटात. बाई घराजवळच्या तळ्याकाठची रानभाजी खुडून आणायच्या. अजगराच्या विष्ठेतली अंडी त्या भाजीवरून पोटात गेली असावीत, असा डॉक्टरांचा कयास. माणसात हा जंत सापडल्याची जगातली ही पहिलीच नोंद.

चार वर्षांत पाच सेंटिमीटर

इंग्लंडमधल्या एका रुग्णाच्या स्कॅनमध्ये दिसणारा डाग जागा बदलत होता. चार वर्षांत तो मेंदूत पाच सेंटिमीटर सरकला. केंब्रिजच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, तर निघाला एक सेंटिमीटरचा पट्टकृमी. सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी या इवल्याशा जिवाचा सगळा डीएनए वाचून काढला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केला. कोणतं औषध याला लागू पडेल आणि कोणतं पडणार नाही, याचे धागेदोरे त्यातच मिळाले.

फोडायची नाही, ओढायची नाही

कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे मेंदूत पाण्याने भरलेली हायडॅटिड गाठ होते. तिचं आवरण अगदी नाजूक. फुटली, तर रुग्णाला जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि जागोजागी नव्या गाठी रुजतात. म्हणून सर्जन तिला हातच लावत नाहीत! रुग्णाचं डोकं खाली झुकवायचं, मेंदू आणि गाठ यांच्या मध्ये सलाइन हलकेच सोडत राहायचं. गाठ सुटते आणि आपल्याच वजनाने अख्खी बाहेर घरंगळते. डाउलिंग–ऑर्लँडो पद्धत म्हणतात ती हीच.

ऑपरेशननेच सांगितलं, ऑपरेशन नको

ही गोष्ट आपल्या देशातली. 1980च्या दशकात सीटी स्कॅनचा वापर वाढला आणि फिट येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या मेंदूत छोटं कडं दिसू लागलं. टीबीची गाठ समजून महिनोन् महिने टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या. त्यांतल्या बहुतेकींत निघाली डुकराच्या पट्टकृमीची अळी! 1989 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. यातल्या बऱ्याच गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात, हेही पुढे स्पष्ट झालं. मोजक्या रुग्णांवर झालेल्या शस्त्रक्रियांनी असंख्य रुग्णांची कवटी उघडण्याची वेळ टाळली.

शाकाहारी आहात? तरीही हात धुवा!

कच्चं डुकराचं मांस खाल्लं, तर पट्टकृमी होतो आतड्यात. मेंदूत अळी जाते ती त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, घाण पाणी, कच्ची भाजी, एवढं पुरतं. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू कुटुंबांमध्ये, म्हणजे डुकराला शिवतही नाहीत अशा घरांत, मेंदूतल्या अळीचा आजार सापडल्याची नोंद झाली! जिथे हा कृमी मूळ धरून आहे, तिथे अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तोच असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शाळेतली गोळी, मेंदूतलं काम

10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मिळणारी गोळी म्हणजे अल्बेंडाझोल. मेंदूतल्या अळीवरही हेच औषध चालतं. फक्त ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेक दिवस आणि सोबत स्टेरॉइड देऊन, कारण मरणाऱ्या अळीभोवती मेंदूला सूज येते. हे औषध जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनावर घाव घालतं. पण ट्युब्युलिन आपल्या पेशींतही असतं आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी त्याच्याच दोरांनी होते. मग ही गोळी आपल्या गुणसूत्रांना धक्का लावते का?

साक्ष देतो उंदीर

याचं उत्तर शोधण्याची युक्ती लाजवाब आहे. अस्थिमज्जेत तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. औषधाने गुणसूत्र तुटलं किंवा भरकटलं असेल, तर तो तुकडा मात्र आतच राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखा उठून दिसतो. ही मायक्रोन्यूक्लियस चाचणी. आजच्या नियमांनुसार प्रत्येक उंदराच्या किमान 4000 कोवळ्या तांबड्या पेशी तपासाव्या लागतात! अल्बेंडाझोल उंदरांवरच्या या चाचणीत उत्तीर्ण झालं. मात्र ‘रॅट’ जातीच्या मोठ्या उंदरांत आणि सशांत गर्भाला इजा दिसली. गरोदर बाईने ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हा इशारा त्या मुक्या जिवांनी दिलेला आहे.

नापास झालेलं औषध

सगळीच औषधं पास होत नाहीत. बिल्हार्झिया या कृमिरोगावर हायकँथोन जोरात वापरलं जात होतं. ते डीएनएत बदल घडवतं, हे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आलं आणि औषध मागे पडलं. त्याची जागा घेतली प्राझिक्वांटेलने. मेंदूतल्या अळीवर आज काही रुग्णांना अल्बेंडाझोलच्या जोडीला तेच दिलं जातं.

एकाच उंदरात अनेक उत्तरं

औषध डीएनए बिघडवतं का, हे पाहायच्या आणखीही युक्त्या आहेत. त्यासाठी घडवलेल्या ‘बिग ब्लू’ उंदराचा रंग निळा नसतो, पण त्याचा डीएनए प्रयोगशाळेत तपासताना बिघडलेल्या जनुकाची खूण निळी उमटते. कॉमेट चाचणीत तुटका डीएनए विजेच्या प्रवाहात शेपटीसारखा लांबतो. आनंदाची गोष्ट ही, की आता अशा चाचण्या एकाच अभ्यासात गुंफतात. त्यामुळे कमी प्राण्यांत जास्त उत्तरं मिळतात, आणि तेच योग्य आहे.

आणि आता लस... डुकराला!

मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी शोधलेली डुकरांसाठीची टीएसओएल18 लस तयार होते आपल्या हैदराबादेत, इंडियन इम्युनॉलॉजिकल्समध्ये. जोडीला ऑक्सफेंडाझोलचा एक डोस दिला, की डुकराच्या अंगातल्या अळ्याही मरतात आणि साखळी तिथेच तुटते. बाकीचं काम आपल्या हातात आहे. प्रत्येक घराला संडास, प्रत्येक नळापाशी साबण आणि कच्ची भाजी धुऊनच ताटात. एवढं झालं, तर या किड्याला मेंदूपर्यंत पोचायला वाटच उरत नाही!